रोहण्यातली न वाजलेली घंटी

आर्वीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ आणि टेप, मग टीव्ही, आणि शेवटची दहा-बारा वर्षं संगणक. आयटीआयच्या रेडिओ-टीव्हीच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. दुकान टाकल्यावर पहिली दोन वर्षं येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे बघून, "मिस्त्री कुठं गेले?" असं विचारायचा. पुलगाव रोडवरच्या एका ढाबेवाल्यानं तर मला त्याचा टीव्ही उघडताना पाहिलं, बंद करताना पाहिलं, चालू झालेला पाहिला, आणि तरी जाताना म्हणाला, "मिस्त्री आले का त्यायले एकदा पाहून घ्या म्हणा." मी बरं म्हटलं. तेवढ्यासाठी कोण भांडत बसणार.

लोकांना वाटतं, या धंद्यात भीती शॉकची. पिक्चर ट्यूबचा झटका मी दोनदा खाल्लाय. एकदा तर खुर्चीसकट मागच्या भिंतीला जाऊन आदळले होते. पण त्याची भीती बाळगायला वेळच मिळत नाही. झटका बसतो आणि संपतो. ज्या भीतीबद्दल मी लिहायला बसले आहे ती मला रोहण्याहून आर्वीला येणाऱ्या एसटीत लागली. भर दुपार होती, खिडकीजवळची जागा मिळाली होती आणि काम फत्ते झालं म्हणून मी पिशवीतला शेंगदाण्याचा लाडू खात होते.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट आहे. रोहण्याचे ढोले सर हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि दीड वर्षाच्या आत त्यांचं शरीर एकेक अवयवानं त्यांच्या ताब्यातून जायला लागलं. आधी पायातली चप्पल निसटायची. मग बोटांतून पेन सुटायला लागला. मग जीभ जड झाली. नागपूरच्या डॉक्टरांनी मज्जातंतूंचा आजार सांगितला आणि यावर औषध नाही हेही सांगितलं. मी सरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते समोरच्या खोलीत खाटेवर पडून होते. वाचा गेलेली, हात गेलेले. हलत होते फक्त डोळे आणि उजव्या पायाचा अंगठा. त्यांच्या पत्नी, कमलकाकू, घरात येणाऱ्या प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगायच्या की डोकं पुरं जाग्यावर आहे. लोक सरांच्या समोर त्यांच्याबद्दलच मोठमोठ्यानं बोलायचे, ते थांबावं म्हणून.

सरांचा मुलगा पुण्याला संगणकाच्याच कामात होता. त्यानं वडिलांसाठी एक सोय करून दिली होती. पडद्यावर मराठी अक्षरं ओळीनं मांडलेली, आणि एक पिवळा चौकोन त्या अक्षरांवरून सावकाश सरकत जायचा. हवं त्या अक्षरावर चौकोन आला की सरांनी अंगठ्यानं एक बटण दाबायचं. अक्षर उमटलं. असं करत करत शब्द आणि मग वाक्य. चहा गार आहे एवढं सांगायला चार मिनिटं लागायची. बटण बशीएवढं गोल, लाल, वरून पालथ्या वाटीसारखं. खाटेच्या पायथ्याशी लाकडी फळी ठोकून त्यावर ते पट्ट्यानं बांधलेलं असायचं, आणि अंगठा त्याला टेकलेला.

आधी त्या बटणाला वायर होती. सरांना दिवसातून चार वेळा खाटेवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खाटेवर न्यावं लागायचं. एकदा त्या वायरीत काकूंचा पाय अडकला आणि संगणकाचा डबा टेबलावरून खाली आला. म्हणून मुलानं परदेशातल्या मित्राकडून बिनवायरीचं बटण मागवलं. बटणात बॅटरी, आणि संगणकाच्या मागे खोचलेली एक छोटी डबी. बटण हवेतून बोलायचं, डबी ऐकायची.

आणि त्या बटणाचं खरं काम लिहिण्याचं नव्हतंच. सरांना लाळ गिळता यायची नाही. घशात साचली की श्वास अडायचा. मग कोणीतरी त्यांना कुशीवर वळवून, तोंड पुसून, पाठीवर थोपटायला लागायचं. हे रोज तीन-चारदा व्हायचं, कधी होईल त्याचा नेम नाही. बटण तीन सेकंद दाबून धरलं की अंगणात लिंबाच्या झाडाला टांगलेला भोंगा वाजायचा. घरात त्याला सगळे घंटी म्हणायचे. काकू विहिरीवर असोत की गोठ्यात, घंटी ऐकली की धावत यायच्या. घरी नसल्या तर शेजारच्या वच्छलाबाई यायच्या. वीज गेली तरी घंटी वाजावी म्हणून मुलानं इन्व्हर्टरही बसवून दिला होता. सगळा विचार केलेला होता.

मग एके दिवशी खुर्ची सरकवताना बटण खाली पडलं आणि खुर्चीचं लोखंडी चाक त्याच्यावरून गेलं.

वच्छलाबाईंना सरांजवळ बसवून काकू बटण टॉवेलात गुंडाळून एसटीनं माझ्याकडे घेऊन आल्या. दुकानात बसायच्या आधीच म्हणाल्या, "बाई, दिवा तं लागते. पण ते कॉम्प्युटर काई आयकत नाई. अगदी डबीजवळ नेलं तं आयकते." एवढ्यावरून माझ्या लक्षात आलं. बोलणारा बोलतोय, पण त्याचा आवाज गेलाय. अँटेना तुटली असणार.

बिनतारी वस्तूंना अँटेना असते हे लोकांना पटत नसे, कारण ती दिसत नाही. टीव्हीची गच्चीवर असायची, रेडिओची ओढून लांब करता यायची. या वस्तूंमध्ये ती आतल्या पट्टीवर तांब्याच्या केसाएवढ्या रेघेच्या रूपात असते, नागमोडी फिरवलेली. मी बटण उघडलं तर पट्टीचा कोपरा तडकला होता आणि ती रेघ तीन ठिकाणी तुटली होती. जोडण्यासारखी राहिली नव्हती. तिच्या जागी नवीन तार लावणं भाग होतं. ही तार वाटेल तेवढी घेऊन चालत नाही. लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा असावी लागते. बटणाच्या पाठीवर लहरीचा आकडा छापलेला होता, त्यावरून वहीत गणित मांडलं आणि सतरा सेंटिमीटर आले. मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार माझ्याकडे होती. ती मोजून कापली, बटणाच्या आतल्या काठानं गोल फिरवली आणि एक टोक पट्टीला सोल्डर केलं.

इथं मी चूक केली. त्या तारेवर पारदर्शक लाखेचा थर असतो. तार उघडी दिसते, पण उघडी नसते. सोल्डर करायच्या आधी तो थर ब्लेडनं चारही बाजूंनी खरवडावा लागतो. हे आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात आणि मी हजार वेळा केलेलं होतं. त्या दिवशी एका बाजूनं खरवडलं आणि दुकानात कोणीतरी आलं. परत बसले तेव्हा बाकीच्या बाजू राहिल्या आहेत हे डोक्यातून गेलं होतं. वरून सोल्डर चकचकीत दिसत होतं, आत तार नुसती चिकटून बसली होती. डबी रोहण्यालाच होती, त्यामुळं दुकानात तपासायला नुसता दिवा होता, आणि दिवा फक्त बटण दाबलं गेलं एवढंच सांगतो. पलीकडं कोणी ऐकलं का, हे दिव्याला कुठून कळणार.

फुटलेलं कवच चिकटवणं, ते वाळणं, वर दोन दिवस वीजकपात, असे सहा दिवस गेले. ते सहा दिवस काकू घराबाहेर पडल्या नाहीत. सातव्या दिवशी सकाळची कामं आटोपून मी स्वतः बटण घेऊन रोहण्याला गेले.

काकूंचा एक गाल सुजलेला होता. दाढ ठणकत होती, माझ्या दुकानात आल्या त्या दिवसापासूनच, पण सरांना सोडून जाता येईना म्हणून लवंग दाबून बसल्या होत्या. गावातल्या दवाखान्यात दुपारी दोनपर्यंत डॉक्टर असायचे. त्या मला चहा करायला आत गेल्या. मी फळीपाशी गुडघ्यांवर बसले, बटण नेमक्या जागी यावं म्हणून दोन्ही तळव्यांत खालून धरलं आणि सरांना म्हटलं, "दाबा सर." अंगठा हलला. बाहेर भोंगा वाजला. परत दाबायला सांगितलं. परत वाजला. वच्छलाबाई अंगणातून डोकावून गेल्या. पाच-सहा वेळा करून पाहिलं, दर वेळी वाजला. मग मी बटण फळीवर ठेवलं, पट्टा आवळला आणि उठले. माझी बस दीडला होती.

उठताना सरांकडे पाहिलं तर ते माझ्याकडे बघत भराभरा पापण्या मिटत होते. होय म्हणायला एकदा आणि नाही म्हणायला दोनदा, एवढं मला काकूंनी सांगितलेलं होतं. पण हे एकदाही नव्हतं आणि दोनदाही नव्हतं. डोळ्यांत पाणी आलेलं होतं. सहा दिवस मुका राहिलेला माणूस, त्याला आनंद झाला असेल, असं मी समजले. मलाही बरं वाटलं.

काकू चहा घेऊन आल्या. मीच त्यांना म्हटलं, "काकू, आता घंटी वाजते. तुम्ही दाढ दाखवून या." त्यांनी सरांना विचारलं, जाऊ का. सरांनी पापण्या दोनदा मिटल्या. थांबून परत दोनदा.

"हे मी बाहेर निघाली का नेहमीच नाई म्हणतात," काकू म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो.

त्यांनी सरांचं तोंड पुसलं, मान उशीवर नीट ठेवली, वच्छलाबाईंना सांगितलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. कोपऱ्यापर्यंत आम्ही सोबत चाललो. त्या दवाखान्याकडे वळल्या, मी स्टँडकडे. बस वीस मिनिटं उशिरा आली.

माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ ट्रान्झिस्टर कानाशी धरून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत होते. त्याची अँटेना मोडून अर्धीच उरली होती आणि तिच्या बुडाशी त्यांनी अंगठा दाबून धरला होता. कंडक्टर आला. तिकिटासाठी खिशात हात घालायला त्यांनी अंगठा काढला, तशी कॉमेंट्री खरखरीत बुडाली. तिकीट घेऊन त्यांनी अंगठा परत ठेवला. कॉमेंट्री स्वच्छ ऐकू यायला लागली.

हे मी आयुष्यात शंभरदा पाहिलेलं होतं. गच्चीवरच्या अँटेनाला माणूस धरून उभा राहिला की टीव्ही नीट दिसतो आणि त्यानं हात सोडला की मुंग्या येतात, ही तक्रार घेऊन माझ्याकडे निम्मी आर्वी येऊन गेली असेल. माणसाचं अंग पाण्यानं आणि मिठानं भरलेलं असतं, तेच अँटेनाचं काम करतं. त्या म्हाताऱ्या माणसाचा अंगठा बघता बघता लाडूचा घास माझ्या तोंडातच राहिला. मी दर वेळी बटण हातात धरलं होतं. हात काढून एकदाही पाहिलं नव्हतं.

मग ते सोल्डर डोळ्यांपुढे आलं. एका बाजूनं खरवडलेली तार, दुकानात आलेलं कोणीतरी, आणि परत बसल्यावर सरळ उचललेली सोल्डरिंग गन. मोबाईल काढून सरांच्या घरचा नंबर लावला. रिंग जात होती. रिंग जात राहिली. आणि माझ्या लक्षात आलं की घरात फोन उचलणारं कोणी नाही, पण ऐकणारा एक माणूस आहे. तो खाटेवर पडल्यापडल्या तो फोन वाजताना ऐकतोय. मी फोन बंद केला. वच्छलाबाईंकडे फोन नव्हता. दवाखान्याचा नंबर मला माहीत नव्हता.

मी उठून कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितलं. इथं थांबा नाही, पुढच्या फाट्यावर उतरा, असं तो म्हणाला. मी काय बोलले ते आठवत नाही. माझ्या तोंडाकडे पाहून त्यानं बेल मारली.

रस्त्यावर दोन्हीकडे तुरीची शेतं आणि ऊन. रोहण्याकडे जाणारं एकही वाहन नाही. मी चालायला लागले, मग पळायला लागले, मग दम लागून परत चालायला लागले. पळता पळता मनात हिशोब चालू होता. काकू निघून पाऊण तास झाला. दवाखान्यात गर्दी असेल. लाळ साचायला किती वेळ लागतो? सकाळी एकदा झालंच असेल, मग आता लगेच होणार नाही. की होईल? मी स्वतःला समजावत होते की कदाचित सोल्डर नीटच असेल, उगाच घाबरतेय. पण माझा हात मला ठाऊक होता. मी थर पुरता खरवडला नव्हता.

मागून एक दूधवाला मोटरसायकलवर आला. दोन्ही बाजूंना रिकामे कॅन लटकवलेले. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. एवढंच सांगितलं की रोहण्याला एक आजारी माणूस घरात एकटा आहे आणि त्याचा श्वास अडकलेला असू शकतो. त्यानं दुसरं काही विचारलं नाही. कॅन उतरवून बाभळीखाली ठेवले, मला बसायला सांगितलं आणि गाडी अशी काही हाकली की मी डोळे मिटून घेतले.

घर दिसलं तेव्हा पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर ती शांतता. वच्छलाबाई आपल्या अंगणात सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. मला धावत येताना पाहून उठल्या.

"काऊन वो ताई, काई राह्यलं का?"

"घंटी वाजली का?"

"नाई ना. येकडावबी नाई वाजली. सर निवांत हायेत आज."

त्यांच्या त्या उत्तरानं मला जेवढी भीती वाटली तेवढी त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही कधी वाटली नाही. कडी आधी निघेचना, नुसती वाजत राहिली.

सर उताणेच होते. चेहरा काळानिळा पडला होता, ओठांच्या कडेनं फेस आलेला, छाती मध्येच उडायची आणि थांबायची. घशातून नळात हवा अडकल्यासारखा बारीक आवाज. आणि खाटेच्या पायथ्याशी अंगठा चालू होता. दाबत होता, धरत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. दर वेळी बटणावरचा लहानसा दिवा लागत होता. बाहेर भोंगा गप्प.

मी कधी कोणा आजारी माणसाला हात लावलेला नव्हता. वच्छलाबाईंनी माझ्या मागून येऊन त्यांना खांद्याकडून धरलं, मी कमरेकडून, आणि आम्ही त्यांना कुशीवर वळवलं. तोंडातून लाळेचा लोट बाहेर आला. वच्छलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळून तोंड आतून पुसत होत्या, मी पाठीवर थोपटत होते, चुकीचं की बरोबर देव जाणे. दोन-तीन वेळा छाती उडाली आणि काहीच झालं नाही. मग एक लांब, खरखरीत श्वास आत गेला. त्यानंतर दुसरा. मी खाटेची कड धरून खालीच बसले. दारात दूधवाला उभा होता. तो अंगणात जाऊन बसला आणि काकू येईपर्यंत हलला नाही. त्याचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

काकू आल्या त्या गालाला रुमाल बांधून. दाढ काढली होती, तोंडात कापूस होता. दारातच सगळ्यांना बघून थबकल्या. तोवर सरांचा रंग परत आला होता, ते झोपल्यासारखे दिसत होते. वच्छलाबाई म्हणाल्या की काही नाही, थोडं अडकलं होतं, आता बरं आहे. ते ऐकून मला वाटलं, एवढ्यावर भागेल. अँटेना परत नीट करायची, कवच परत बिघडलं होतं म्हणायचं. हा विचार माझ्या मनात आला, तो मी इथं लिहून ठेवते आहे.

मग मी काकूंना सांगितलं. तार नीट खरवडली नव्हती, हात काढून पाहिलं नव्हतं, आणि दवाखान्यात जायला मीच सांगितलं होतं. त्या खाटेवर सरांच्या पायाशी बसल्या. कितीतरी वेळ त्यांचा अंगठा हातात धरून राहिल्या.

"तू सांगतलं नसतं तं मले कळलंबी नसतं," त्या कापसातून म्हणाल्या. मग, "मले तं त्यायनं सांगतलं होतं. दोनदा डोये मिटले. मी हासली."

त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "नीट कर आता. माह्यासमोर कर."

सोल्डरिंगचं सामान पिशवीत होतंच. वीज गेलेली होती, इन्व्हर्टरवर सोल्डरिंग गन तापवली. जुना जोड ओढून पाहिला तर तार अलगद निघून हातात आली. नवीन तार घेतली, ब्लेडनं खरवडत बसले. काकू बघत होत्या. तांबं चारही बाजूंनी लखलखेपर्यंत खरवडलं आणि जोडलं. बटण फळीवर बांधलं, हात काढले, उठले, चालत दाराबाहेर गेले आणि अंगणात लिंबाखाली उभी राहून आत ओरडले, "दाबा सर." भोंगा माझ्या डोक्यावर एवढ्या जोरात वाजला की वच्छलाबाईंच्या कोंबड्या कुंपणावरून उडाल्या. मी त्यांना वीस वेळा दाबायला लावलं. विसाव्या वेळेपर्यंत अंगठा दमला होता, तरी मी मोजत राहिले.

मग काकूंनी संगणकावर अक्षरं लावून दिली. पिवळा चौकोन सरकायला लागला. सर लिहायला लागले. बराच वेळ गेला. आम्ही तिघी बायका पडद्यापुढे उभ्या होतो आणि एकेक अक्षर उमटत होतं. "हात काढून बघा म्हणत होतो."

तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. मी तळव्यांत बटण धरून बसले होते तेव्हाच त्याला कळलं होतं. आणि ते सांगण्याचं एकमेव साधन माझ्या तळव्यांत होतं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे दुसरी एक साधी घंटी बसवून आले. वायरीची, सेलवर चालणारी, दारावर असते तसली. वायर छतावरून नेली, कोणाच्या पायात यायला नको म्हणून. बिनतारी बटण डाव्या कडेला आणि हे उजव्या कडेला, अंगठा दोन्हीकडे पोचेल असं. एवढी साधी गोष्ट मला आधी सुचली नाही, मुलाला सुचली नाही, कोणालाच सुचली नाही. नवीन वस्तू घरात आली की जुन्याचा विचार सुटतो, आमच्या धंद्यातल्यांचा तर आधी सुटतो.

सर त्यानंतर सव्वादोन वर्षं जगले. मी महिन्यातून एकदा जायची, दोन्ही घंट्या तपासायची. काकू कधी त्या दिवसाचा विषय काढत नसत. जेवायला बसवायच्या, आर्वीच्या बाजाराचं विचारायच्या, निघताना, "येजो मंग पुढच्या महिन्यात," म्हणायच्या. मी मात्र त्यांच्या अंगणात दर वेळी घाईनंच शिरायची. भोंगा गप्प असेल तर अधिकच.

एका भेटीत काकू स्वयंपाकघरात होत्या आणि मी सरांजवळ एकटीच होते. बरेच महिने मनात होतं ते मी त्यांना विचारलं. मी पोचेपर्यंतचा तो वेळ, तुम्ही काय करत होतात सर? विचारल्यावर वाटलं, विचारायला नको होतं. पण पिवळा चौकोन सरकायला लागलेला होता. मी खुर्ची ओढून बसले. सरांनी फार वेळ लिहिलं. मधे दोनदा थांबले. त्यांनी लिहिलं ते असं होतं.

"हजेरी घेत होतो. माझा शेवटचा वर्ग, दहावी ब. अठ्ठेचाळीस मुलं. पहिल्यांदा सगळी नावं आली. दुसऱ्यांदा सगळी आली. तिसऱ्यांदा एकोणिसावं आलं नाही. तेव्हा घाबरलो."

वाटलं, संपलं. पण अंगठा परत हलला आणि खाली आणखी एक ओळ उमटायला लागली.

"ते नाव अजून आठवत नाही."

आतून काकूंनी विचारलं, "काय म्हणून राह्यले सर?" मी पडद्यावरचं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटची ओळ तेवढी वाचली नाही.